जमिनीचे मोल आणि एन्ट्रॉपीचे माप : एक चिकित्सा

कोणत्या डोंगरावर खाण चालेल, कोठे वस्ती वाढू द्यावी आणि कोणती जमीन जशीच्या तशी राखावी, हे आता बहुधा गुणांकांच्या आधारे ठरते. इयान मॅकहार्ग यांनी १९६९ मध्ये नकाशांचे पारदर्शक थर एकावर एक ठेवून जमिनीची योग्यता पाहण्याची रीत रूढ केली. पुढे कीनी व रायफा यांच्या १९७६ च्या ग्रंथाने अनेक उद्दिष्टांची एकत्रित उपयुक्तता मोजण्याला शास्त्रीय बैठक दिली. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दूरसंचारासाठी मांडलेली एन्ट्रॉपी या व्यवहारात उशिरा आली. मात्र ती आली ती निःपक्षपाती पंच म्हणून, आणि तिचा हाच दावा तपासून पाहण्याजोगा आहे.

शहराच्या विस्कळीत वाढीच्या मोजणीत एन्ट्रॉपीचा उपयोग निश्चित आहे. परिसराचे चार पट्टे केले आणि बांधकाम चारही पट्ट्यांत समान असले, तर सापेक्ष एन्ट्रॉपी १ येते. एका पट्ट्यात ७० टक्के व उरलेल्या तिन्हींत प्रत्येकी १० टक्के असेल, तर ती सुमारे ०.६८ भरते. परंतु हा ७० टक्क्यांचा पट्टा जुन्या बाजारपेठेचा आहे की तलावाच्या पाणलोटाचा, हे त्या संख्येला कळत नाही. पट्ट्यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच राहते. नियोजनकाराला तर नेमके स्थानच हवे असते.

याहून गंभीर दोष निकषांना भार देण्याच्या पद्धतीत आहे. या पद्धतीत ज्या निकषाची मूल्ये ठिकाणागणिक जास्त बदलतात त्याला जास्त भार मिळतो. समजा, तुलनेतील सर्व गावांत भूजल सारखेच चांगले आहे. मग भूजलाची एन्ट्रॉपी कमाल होते आणि त्याचा भार शून्यावर येतो. गावांमध्ये निवड करताना हे चालून जाईल, कारण समान गोष्टीने निवड ठरत नाही. पण त्याच भारांनी एखादा प्रकल्प पारखला, तर सर्व गावांचे पाणी आटवणाऱ्या योजनेच्या हिशेबात पाण्याला जागाच उरत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हे भार 'वस्तुनिष्ठ' म्हणून तक्त्यात येतात व परीक्षकही पुढे सरकतात. आकडेवारीतील फरक आणि माणसांना वाटणारे महत्त्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी वर्गात सांगायला हवे.

उपयुक्ततेच्या बेरजेची मर्यादा पश्चिम घाटाच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ च्या अहवालात घाटाचे सुमारे ९ बाय ९ किलोमीटरचे जवळजवळ २२०० चौकोन पाडले. स्थानविशिष्ट वनस्पती, धोक्यातील सस्तन प्राणी, वन, उंची, उतार अशा निकषांना गुण देऊन त्यांची सरासरी काढली. समितीने गृहीतके उघड मांडली, हे तिचे श्रेय. तरीही सरासरीत एका निकषाची उणीव दुसरा निकष भरून काढतो. तीव्र उतारावरील वन आणि सपाटीवरील वन यांना निकष म्हणून एकच माप लागते. वास्तविक उतारावरचे झाड माती धरून ठेवते, म्हणजे तेथे वनाचे मोल उताराशी गुंतलेले असते. बेरजेचे प्रतिमान निकषांचे हे परस्परावलंबन धरत नाही. कीनी व रायफा यांनी बेरजेसाठी निकषांच्या स्वातंत्र्याची अट घातली होती. व्यवहारात तीच प्रथम विसरली जाते.

शिवाय गुणांचे प्रमाणीकरण राज्यनिहाय होते. चंदगडचा डोंगर महाराष्ट्राच्या मापाने आणि बेळगाव जिल्ह्यातला त्याच रांगेवरचा डोंगर कर्नाटकाच्या मापाने मोजला गेला. उत्तर-दक्षिण उंचीतला फरक पाहता यामागचे कारण समजण्यासारखे आहे, पण सीमाभागातील वाचकाला त्यातली विसंगती वेगळी सांगावी लागणार नाही.

चौकोनाचा आकार बदलला की निकालही बदलतो. कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये सुमारे २४ मीटर सूक्ष्मतेची उपग्रह-चित्रे वापरली आणि घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. गाडगीळ समितीने संपूर्ण घाट वेगवेगळ्या श्रेणींत आणला होता. ही तफावत केवळ सूक्ष्मतेतून आलेली नाही. वस्ती व शेती असलेला भाग वगळावा की नाही, हा मूल्यनिर्णय दोन्ही गटांनी वेगवेगळा केला, आणि तो कोणत्याही सूत्रातून निघालेला नव्हता. ३१ जुलै २०२४ रोजी केंद्राने सहावा मसुदा काढला. त्याच्या आदल्याच दिवशी वायनाडमध्ये दरड कोसळली होती.

म्हणून प्रतिमानांचा त्याग करावा, असे नाही. भार थोडे हलवून पाहावेत, चौकोन लहान-मोठे करून पाहावेत आणि निकाल कोठे डळमळतो ते नकाशावर दाखवावे. जो भाग प्रत्येक मापाने संवेदनशील ठरतो, त्याबद्दल वाद घालण्यात वेळ दवडू नये. जेथे निकाल उलटतो, तेथे गावाला विचारावे. गाडगीळ अहवालातच सिंधुदुर्गातील २५ गावांच्या ग्रामसभांचे ठराव नोंदलेले आहेत. आपली गावे संवेदनशील क्षेत्रात घ्यावीत, अशी मागणी या गावांनी मुख्यतः खाणी दूर ठेवण्यासाठी केली होती. या ठरावांना गुणांकाच्या तक्त्यात रकाना नव्हता.