‘दायो’ : एक फिलिपिनो चित्रपट

मनिला येथील चित्रकारांनीं हॅना-बार्बेरासारख्या अमेरिकन कंपन्यांचीं हलतीं चित्रें वर्षानुवर्षें मजुरीनें रेखाटलीं. हात त्यांचा, गोष्ट दुसऱ्याची. रॉबर्ट किलाव यांचा २००८ सालचा ‘दायो’ पाहतांना हें ध्यानीं असलें पाहिजे. कारण येथें गोष्टही त्यांचीच आहे.

‘दायो’ म्हणजे परका. बुबुय नांवाचा मुलगा पळवून नेलेल्या आजी-आजोबांस सोडविण्याकरितां एलेमेंतालिया या अद्भुत लोकांत शिरतो. तेथें आना ही मनानंगगाल त्याची सोबतीण होते. फिलिपिनो लोककथांतील मनानंगगाल रात्रीं कमरेपासून धड वेगळें करून उडते व गर्भवतींस छळते. आना मात्र शाकाहारी आहे! कल्पना गोड खरी. पण येथेंच आमचें मन अडखळतें. ज्या भुताचें भय नाहीं, त्याच्या देशांत जाण्यास धैर्य तें कोणतें लागणार? मुलांना भीति नको, ही समजूत आम्हांस परदेशी चित्रपटांकडून उसनी घेतलेली वाटते.

मनुष्याकृति हातानें काढलेल्या, देखावे संगणकानें घडविलेले. त्यांचा सांधा कोठें कोठें दिसतो. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. जेसी लासातेन यांच्या संगीतास मेट्रो मनिला महोत्सवांत पारितोषिक मिळालें, तें योग्यच झालें. नाताळांतील हा महोत्सव केवळ देशी चित्रपटांचा. तेव्हां हॉलिवुडशीं झगडण्याचा प्रश्नच नव्हता. तरी सर्वांत अधिक गर्दी आय-आय देलास आलास यांच्या विनोदी चित्रपटास झाली. त्याच महोत्सवांत ‘शेक, रॅटल अँड रोल’ या भयपटमालेचा दहावा भागही लागला होता. तेथें भुतें भुतांसारखीं वागत होतीं.