न वाचता लिहिलेले अभिप्राय

नाशिक परिसरात स्वखर्चाने पुस्तके काढणाऱ्या काही लेखकांना अलीकडे आलेली इंग्रजी ई-पत्रे मी जमवत आलो आहे. ती फसवणुकीची आहेत हे सांगायला संशोधक लागत नाही. पण निवृत्त मुख्याध्यापक आणि बँकेत हयात घालवलेले अधिकारीही त्यांना भुलतात ते कशामुळे, हे त्या पत्रांचे गद्य तपासल्याशिवाय कळत नाही.

पत्राची घडण ठरलेली असते. आरंभी पुस्तकाची भरघोस स्तुती. मग हळहळ, की एवढी मोलाची कृती वाचकांपर्यंत पोचलेली नाही. शेवटी तोडगा: परदेशातले वाचक मंडळ, ग्रंथमेळ्यातली मांडणी, चित्रपटाचे हक्क. शुल्काचा आकडा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पत्रात येतो, तोही डॉलरमध्ये. पूर्वी अशी पत्रे मोडक्या इंग्रजीवरून ओळखू येत. आता ती यंत्राकडून लिहून घेता येतात, त्यामुळे ती खूण गेली.

स्तुतीतला तपशील मात्र विक्रीच्या संकेतस्थळावरच्या चार ओळींच्या परिचयापलीकडे जात नाही. एका मराठी कादंबरीच्या इंग्रजी परिचयात नायिकेचे नाव चुकीचे पडले होते. पत्रलेखकाला भारावून टाकणारी नायिका त्याच चुकीच्या नावाची निघाली!

हा धंदा जुना आहे. केंब्रिजचे नाव लावणारे इंटरनॅशनल बायोग्राफिकल सेंटर आणि अमेरिकन बायोग्राफिकल इन्स्टिट्यूट यांची ‘निवड झाल्याची’ पत्रे इंटरनेटच्या आधी टपालाने येत. पदकाचे आणि मानपत्राचे पैसे निवड झालेल्यानेच भरायचे. आपल्याकडचे सहभाग शुल्क घेऊन निघणारे प्रातिनिधिक काव्यसंग्रह आणि नोंदणी शुल्क घेऊन दिले जाणारे राज्यस्तरीय पुरस्कार याच कुळातले. फरक रकमेचा. अमेरिकेत ‘पेजटर्नर’ या कंपनीशी संबंधित लोकांवर २०२५ च्या सुरुवातीला उघड झालेल्या खटल्यात, आठशेहून अधिक लेखकांकडून सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर उकळल्याचा आरोप आहे.

पण माझा खरा मुद्दा आपल्या दारातला आहे. ‘ओघवती भाषा’, ‘वाचकाला खिळवून ठेवणारे’, ‘संग्रही असावे असे’ ही वाक्ये आपण कितीदा छापली? पुस्तकाचे नाव बदलले तरी चालतील अशी परीक्षणे आणि मलपृष्ठ चाळून लिहिलेल्या प्रस्तावना यांनी लेखकाच्या कानाला जी सवय लावली, तिच्यावरच हे पत्र जगते. पाचशे प्रती छापून तीनशे भेट देणाऱ्याला एकही अभिप्राय येत नाही, आणि आला तर असाच येतो. मग परदेशातून आलेला अभिप्राय त्याला खोटा का वाटावा? भामट्याने आपल्या समीक्षेची नक्कल केली असे म्हणवत नाही, कारण त्याने ती वाचलेली नसणार. पण दोन्ही गद्ये शेजारी ठेवली तर वेगळी काढणे अवघड जाते.

याच गावच्या कवीचे एक उदाहरण आठवावे. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ १९४२ साली वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून प्रसिद्ध केला आणि त्याला प्रस्तावनाही लिहिली. तिशीतल्या कवीवर जाणत्या लेखकाने पैसे लावले. प्रत्येक वाचक खांडेकर होणार नाही, पण दाद देणाऱ्याच्या खिशातून पैसे जातात की खिशात येतात, एवढे पाहता येते.

ही खूणही सर्वत्र पुरत नाही. लंडनमध्ये प्रकाशन व्यवसायात काम करणाऱ्या फिलिपो बर्नार्डिनीने पैसे मागितले नाहीत. त्याने संपादकांच्या नावाने पत्रे लिहून हजारावर अप्रकाशित हस्तलिखिते मिळवली आणि २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला. पत्त्यातल्या ‘एम’ या रोमन अक्षराच्या जागी तो ‘आर’ आणि ‘एन’ जोडून ठेवी; डोळ्यांना फरक कळत नसे. म्हणून पत्ता अक्षर अक्षर लावून वाचावा आणि संबंधित प्रकाशनाला स्वतंत्रपणे विचारावे.

मी पाहिलेल्या एका लेखिकेने उलट टपाली विचारले, ‘पुस्तकातले काय आवडले नाही?’ उत्तर लगेच आले. त्यात शुल्कावर सवलत होती.

पैसे गेलेच असतील तर लोक हसतील म्हणून बहुतेक जण गप्प बसतात, घरातही सांगत नाहीत. तसे न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही कळवावे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तर त्याच अवधीत येतात.