समारंभाचा पोशाख आणि स्त्री : टक्सिडोच्या निमित्ताने

पाश्चात्त्य पोशाखाच्या इतिहासात स्त्रीने पुरुषी वेश धारण करणे ही घटना नवी नाही. खाणीवर, शेतात, युद्धकाळातील कारखान्यांत तिने विजार घातली आणि समाजाने ती कमी-अधिक नाराजीने चालवून घेतली. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून मर्यादित आहे. संध्याकाळच्या औपचारिक समारंभासाठी पुरुषाने घालावयाचा काळा सूट, म्हणजे टक्सिडो, स्त्रीच्या अंगावर आला तेव्हा नेमके काय घडले, याचा विचार येथे मुख्यतः पॅरिसच्या संदर्भात केला आहे. या विषयावरील लेखनात स्त्रीने विजार मिळवली असा मुक्तीचा सूर सहसा आढळतो. तो अपुरा वाटतो, कारण वाद विजारीपेक्षा ती घालून कोठे जायचे याचा अधिक होता.

याची साक्ष एका सरकारी कागदात मिळते. नोव्हेंबर १८०० मध्ये पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने काढलेल्या आदेशानुसार पुरुषी वेश करू इच्छिणाऱ्या स्त्रीला पोलीस कचेरीतून परवाना घ्यावा लागे आणि तो वैद्यकीय दाखल्यावरच मिळे. चित्रकर्ती रोझा बोन्यर हिला १८५७ साली दिलेला असा परवाना आजही पाहावयास मिळतो. जनावरांची चित्रे काढणाऱ्या बोन्यरला घोडेबाजारात आणि कत्तलखान्यांत हिंडावे लागे. घेरदार झगा सांभाळीत ते शक्य नव्हते. परवान्यात कारण प्रकृतीचे नोंदवले आहे, मुदत सहा महिन्यांची आहे. मात्र त्यातील एक अट सर्वांत बोलकी आहे : या वेशात तिने नाट्यप्रयोग, नृत्यसमारंभ आणि लोकांनी एकत्र जमण्याची इतर सार्वजनिक ठिकाणे येथे दिसता कामा नये. कत्तलखान्यात चालेल, नृत्यगृहात चालणार नाही. पुढे १८९२ व १९०९ मध्ये सवलती दिल्या गेल्या त्याही सायकलचे हँडल किंवा घोड्याचा लगाम हाती असेल तर, अशा. कष्टाला आणि व्यायामाला मुभा होती, समारंभाला नव्हती.

समारंभाचीच एवढी राखण का, याचे उत्तर पुरुषाच्या पोशाखात शोधावे लागते. जे. सी. फ्ल्यूगल याने 'द सायकॉलॉजी ऑफ क्लोद्ज' (१९३०) या ग्रंथात अठराव्या शतकाच्या अखेरीस पुरुषाने नटण्याचा हक्क सोडून दिल्याचे प्रतिपादन केले. झगमगाट स्त्रीकडे गेला, पुरुष काळ्या कापडात शिरला. टक्सिडो हे या त्यागाचे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रूप. दिवाणखान्यातील सगळे पुरुष सारखे दिसावेत, कोणाकडे वेगळे पाहिले जाऊ नये, ही त्यातील सोय होती. पाहिले जाण्याचे काम शेजारी उभ्या असलेल्या स्त्रीकडे होते. तेव्हा टक्सिडो घालणारी स्त्री पुरुषाचा कोट मागत होती, त्यासोबत न पाहिले जाण्याची ही सोयही मागत होती. ती तिला मिळाली का, हा खरा प्रश्न आहे.

रंगमंचावर मुभा आधी मिळाली, कारण तेथे वेश हा वेशच मानला जातो. योसेफ फॉन स्टर्नबर्ग याच्या 'मोरोक्को' (१९३०) या चित्रपटात मार्लेन डीट्रिश गायिकेच्या भूमिकेत पुरुषी पोशाखात येते. (अनेक लेखांत त्याला टक्सिडो म्हटले जाते, वस्तुतः तो लांब पुच्छाचा टेलकोट व उंच टोपी आहे, टक्सिडोहून एक पायरी अधिक औपचारिक.) ती प्रेक्षकांतील एका स्त्रीचे फूल घेते, तिचे चुंबन घेते आणि तेच फूल नायकाकडे फेकते. या प्रसंगाचे धाडस वादातीत आहे. परंतु फूल शेवटी पोहोचते ते नायकाच्याच हाती, आणि चित्रपटाच्या अखेरीस हीच स्त्री उंच टाचांचे बूट काढून टाकून त्याच्यामागे वाळवंटात चालू लागते. लॉरा मल्वी हिने १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात स्टर्नबर्गच्या डीट्रिशला नजरेची पूजावस्तू म्हटले, ते यामुळे पटते.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ग्लॅडिस बेंटली ही कृष्णवर्णीय गायिका पांढरा टक्सिडो आणि उंच टोपी घालून पियानोवर गात होती. डीट्रिशला 'मोरोक्को'साठी ऑस्करचे नामांकन मिळाले. बेंटलीचा वेश मात्र रंगमंचाबाहेरही तिचाच होता, आणि त्याची किंमत तिला द्यावी लागली : १९५२ मध्ये, राजकीय चौकशांच्या भीतिग्रस्त वातावरणात, आपण पुन्हा स्त्री झालो आहोत असे तिने 'एबनी' मासिकातून जाहीर केले. पोशाखाच्या इतिहासात या दोघींना एकाच वाक्यात बसवण्याची प्रथा आहे, ती सोयीची असली तरी न्याय्य नाही.

ईव्ह साँ लोराँ याने १९६६ च्या हिवाळी संग्रहात 'ल स्मोकिंग' सादर केला तेव्हा टक्सिडो रंगमंचावरून उतरून खऱ्या समारंभाच्या दारात आला. सॅटिनची पट्टी असलेली विजार, काळा कोट, आत झालरीचा पांढरा सदरा. उंची शिवणकामाच्या गिऱ्हाइकांनी त्याचे थंड स्वागत केले. त्याच वर्षी उघडलेल्या 'रिव्ह गोश' या तयार कपड्यांच्या दुकानातून मात्र तो तरुणींनी उचलला. २००२ मध्ये निवृत्त होईपर्यंत साँ लोराँने तो नव्या नव्या रूपांत सादर केला.

दारात काय घडले? न्यूयॉर्कमधील धनाढ्य वर्तुळात वावरणाऱ्या नॅन केम्पनर यांना एका नामांकित उपाहारगृहात साँ लोराँचाच विजारीचा पोशाख घातल्यामुळे प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी तेथेच विजार उतरवली, केवळ लांब कोट हाच तोकडा झगा ठरला, आणि त्यांना आत घेण्यात आले. हा किस्सा विनोद म्हणून सांगितला जातो. त्याचा विचार फारसा होत नाही. नियम शालीनतेचा असता तर उघड्या पायांना अडवले गेले असते. पाय झाकलेली स्त्री अडवली गेली, यावरून नियम कशाचे रक्षण करीत होता ते कळते. स्त्रीने दिसले पाहिजे, ही त्याची अट होती. १९७२ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत मिशेल आलियो-मारी यांना विजारीवरून अडवले गेले. विजारीचा त्रास होत असेल तर ती लगेच उतरवते, असे त्यांनी सुनावल्याचे सांगतात. रक्षकाने वाट सोडली. दोन देश, दोन दारे, आणि युक्तिवाद एकच.

यानंतर हेल्मुट न्यूटनचे छायाचित्र येते, आणि ते येथे टाळता येत नाही. १९७५ मध्ये फ्रेंच 'व्होग'साठी त्याने मारे भागातील ओब्रियो या अरुंद गल्लीत, रात्री, 'ल स्मोकिंग' घातलेली एकटी स्त्री टिपली : केस मागे चापून बसवलेले, हातात सिगारेट, दिव्याचा उजेड. दुसऱ्या आवृत्तीत तिच्या शेजारी एक विवस्त्र स्त्री आहे. आज हा पोशाख लोकांना आठवतो तो या चित्रातून. चित्र प्रभावी आहे यात शंका नाही. पण त्यात समारंभ नाही, माणसे नाहीत, ज्या सभागृहात हिला इतरांसारखे उभे राहायचे होते ते सभागृहच नाही. गर्दीत सामावून जाण्यासाठी शिवलेला कोट येथे सर्वांत अधिक पाहण्याजोगा झाला. मल्वीचा निबंध आणि हे छायाचित्र एकाच वर्षीचे असावे, हा योगायोग समीक्षकाला उपयोगी पडणारा आहे.

१८०० चा आदेश निष्प्रभ असल्याचे फ्रेंच शासनाने जानेवारी २०१३ मध्ये स्पष्ट केले. तोवर पुरस्कार सोहळ्यांत टक्सिडोधारी अभिनेत्री ही रूढी बनू लागली होती. जानेवारी २०१७ च्या गोल्डन ग्लोब सोहळ्यात इव्हान रेचल वूड हिने तो घातला आणि आपला झग्यांना विरोध नाही, मात्र झगा सक्तीचा नाही हे मुलींना कळावे, असा खुलासा केला. एका कोटासाठी एवढा खुलासा करावा लागणे हेच लक्षणीय आहे. शेजारच्या पुरुषांकडे तो कोणी मागितला नाही.

या सर्व परंपरेत एक गोष्ट सहसा सुटते. समारंभात टक्सिडो पाहुणे घालतात तसा वाढपीही घालतात आणि वादकही. गायिका जनेल मोने हिने कारकिर्दीच्या प्रारंभीची अनेक वर्षे काळ्यापांढऱ्या टक्सिडोलाच आपला गणवेश मानले, आणि सफाईचे, टपालाचे, कचरा वाहण्याचे काम गणवेशात करणाऱ्या आपल्या घरच्या माणसांचा मान म्हणून तो घालते असे सांगितले. साँ लोराँच्या गिऱ्हाइकांना हा अर्थ सुचण्याचे कारण नव्हते. बोन्यरचा परवाना लिहिणाऱ्या कारकुनाला तो कदाचित लगेच समजला असता.