ईश्वराचे पितृत्व आणि विश्वासाची कसोटी : पंडिता रमाबाई व रेव्हरंड टिळक यांच्या भक्तिलेखनाच्या संदर्भात

प्रास्ताविक

ईश्वर हा प्रेमळ आणि रक्षणकर्ता पिता आहे, ही श्रद्धा ख्रिस्ती धर्मविचाराच्या केंद्रस्थानी आहे. भारतीय परंपरेलाही ती अपरिचित नाही. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्ताच्या अखेरीस अग्नी हा पुत्राला पिता जसा सुलभ असतो तसा व्हावा, अशी प्रार्थना आहे. भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन पित्याने पुत्राचे अपराध सहन करावेत त्याप्रमाणे क्षमा मागतो. असे असले तरी मराठी भक्तिसाहित्यात विश्वासाची जी हृदयस्पर्शी भाषा घडली, ती प्रामुख्याने मातृत्वाची आहे. या भाषेत वाढलेल्या दोन प्रतिभावंतांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांच्यासमोर पितारूप ईश्वरावर विश्वास ठेवण्याचा प्रश्न केवळ धर्मशास्त्रीय राहिला नाही. तो भाषेचा आणि जीवनानुभवाचाही झाला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या भक्तिलेखनातून या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचे परीक्षण करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'बाप' आणि 'माउली' : भाषिक पार्श्वभूमी

ज्ञानेश्वरांच्या अभंगांतील 'बाप रखुमादेवीवरु' ही नाममुद्रा पाहता विठ्ठलाला पिता म्हणण्याची प्रथा वारकरी संप्रदायाच्या आरंभापासून आहे, हे स्पष्ट होते. तथापि पुढील काळात विठ्ठलाची 'विठाई' झाली, पंढरपूर 'माहेर' झाले आणि स्वतः ज्ञानेश्वरही 'माउली' या नावानेच लोकमानसात स्थिरावले. सासुरवाशिणीच्या अनुभवविश्वातून आलेले माहेराचे रूपक विनाअट स्वीकाराचे रूपक आहे. माहेरी योग्यता विचारली जात नाही. याउलट पारंपरिक मराठी कुटुंबात बाप म्हणजे धाक, शिस्त, वारसा आणि कुळाचे नाव. त्याची माया असते, परंतु ती बहुधा अव्यक्त असते. त्यामुळे 'बाप' या शब्दातून अधिकाराचा बोध सहज होतो. आश्रयाचा बोध होण्यासाठी त्याला 'माय' या शब्दाची जोड द्यावी लागते. 'मायबाप' या सामासिक शब्दात माय अगोदर येते, ही बाब या दृष्टीने लक्षणीय आहे.

मराठीत ख्रिस्ती काव्याचा पाया घालणारे फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रिस्तपुराणा'त परमेश्वराला आरंभीच 'बापा' अशी हाक घातली आहे. पुढे मात्र मराठी प्रार्थनाभाषेत 'पिता' हा संस्कृत शब्द रूढ झाला. या शब्दाने ईश्वराचा मान राखला गेला, परंतु घरातल्या हाकेची जवळीक त्यात उरली नाही. येशूने वापरलेला 'अब्बा' हा अरामी शब्द घरातील संबोधनाचा होता. योआकिम येरेमियास या जर्मन अभ्यासकाने त्यातील जवळिकीवर विशेष भर दिला. तर जेम्स बार यांनी १९८८ मध्ये हा शब्द केवळ बालभाषेतला नसून प्रौढ मुलेही तो वापरीत, असे प्रतिपादन केले. या वादातून एवढे निश्चित होते की 'अब्बा' या हाकेत सलगी आणि आदर यांचा मेळ आहे. मराठीत असा मेळ साधणारा एकच शब्द सहजी मिळत नाही. टिळकांच्या काव्यातील निवड समजून घेताना ही अडचण ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.

टिळक : पुत्राच्या ठायी मातृत्व

टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशा आशयाचे त्यांचे विधान प्रसिद्ध आहे. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा वारंवार माउलीच्या रूपात येतो. समीक्षकांनी याकडे बहुधा ख्रिस्ती धर्माच्या भारतीयीकरणाचे उदाहरण म्हणून पाहिले आहे. ते योग्यच आहे, परंतु अपुरे आहे. कारण टिळक मातृत्वाचे रूपक प्राधान्याने ख्रिस्ताला, म्हणजे पुत्राला लावतात. पित्याच्या जागी ते माता बसवीत नाहीत. पुत्राला माता म्हणून ते पित्याकडे जाण्याची वाट मऊ करतात. ज्याने पुत्राला पाहिले त्याने पित्याला पाहिले, या योहानाच्या शुभवर्तमानातील विचाराचा हा मराठी विस्तार होय. पित्याचे स्वरूप पुत्रावरून ओळखावयाचे असेल आणि पुत्राचा स्वभाव माउलीचा असेल, तर पित्याच्या अधिकारालाही वात्सल्याचाच आशय प्राप्त होतो.

या निवडीमागे चरित्राचा धागाही आहे. टिळकांचे वडील कठोर स्वभावाचे होते. आईच्या निधनानंतर कोवळ्या वयातच नारायणाने घर सोडले आणि तो शिक्षणासाठी नाशिकला आला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्या घरातील वातावरणाचे जे दर्शन घडते, त्यावरून पित्याच्या ठिकाणी अधिकार होता, परंतु मुलाला आश्रय मात्र मिळाला नाही, असे म्हणावे लागते. तथापि 'वडील कठोर होते म्हणून देव माता झाला' असे सरळ समीकरण मांडणे धोक्याचे आहे. मातृरूपकाची परंपरा टिळकांना तयारच मिळाली होती. तसेच आपल्या एका कवितेला 'बापाचे अश्रू' असे नाव देणारा हा कवी पितृत्वाच्या कोमल अंगाविषयी उदासीन होता, असेही म्हणता येत नाही. चरित्रामुळे रूपक जन्माला आले नाही. चरित्रामुळे त्या रूपकाची निकड वाढली, एवढेच म्हणणे युक्त ठरेल.

रमाबाई : पित्याने पित्याच्या हाती सोपविलेली कन्या

रमाबाईंचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी सामाजिक विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि मातेकडून ती विद्या रमाबाईंना मिळाली. प्रेमळ पित्याचे याहून उत्कट उदाहरण त्या काळात विरळाच. परंतु हा पिता कुटुंबाचे रक्षण करू शकला नाही. तीर्थाटन आणि दानधर्म यांत द्रव्य संपले, दुष्काळ आला आणि १८७४ साली अन्नाअभावी खंगलेल्या अनंतशास्त्र्यांचा अंत झाला. पाठोपाठ माता आणि नंतर थोरली बहीण गेली. १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी पित्याच्या अखेरच्या निरोपाची आठवण नोंदविली आहे. दृष्टी गेलेल्या, क्षीण झालेल्या पित्याने धाकट्या कन्येला जवळ घेऊन, आपण तिला ईश्वराच्या हाती दिले आहे, यापुढे ती त्याचीच आहे, अशा आशयाचे सांगितले.

हा प्रसंग रमाबाईंच्या विश्वासाची गुरुकिल्ली आहे. लौकिक पिता आपली मर्यादा ओळखून रक्षणाचे काम ईश्वराकडे सोपवितो आणि रमाबाई ते सोपविणे आयुष्यभर शब्दशः खरे मानतात. विशेष म्हणजे हा निरोप हिंदू पित्याचा आहे आणि त्याची पूर्तता कन्येला ख्रिस्ती श्रद्धेत दिसली. धर्मांतराने पित्याशी असलेले नाते तुटले नाही; रमाबाईंच्या दृष्टीने पित्याची इच्छाच फळाला आली. टिळकांना पितृत्वात प्रेमाची उणीव जाणवली होती, तर रमाबाईंना सामर्थ्याची. 'प्रेमळ' आणि 'रक्षणकर्ता' ही एका दमात उच्चारली जाणारी दोन विशेषणे प्रत्यक्ष जीवनात किती दूर असू शकतात, हे या दोन चरित्रांतून एकत्रितपणे दिसून येते.

रक्षण न मिळाल्याचा प्रश्न

पितारूप ईश्वरावरील विश्वासाची खरी कसोटी रक्षण मिळाल्यावर नव्हे, तर न मिळाल्यावर लागते. रमाबाईंच्या आयुष्यात अशा प्रसंगांची वाण नाही. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचा मृत्यू झाला. १९२१ मध्ये कन्या मनोरमा मातेच्या आधी गेली. या संदर्भात रमाबाईंच्या आत्मनिवेदनातील एक विसंगती नोंदविणे समीक्षेच्या दृष्टीने आवश्यक आहे. पूर्वीच्या श्रद्धेच्या काळातील उपासमार तेथे उपासनेच्या निष्फळतेचा पुरावा म्हणून येते. ख्रिस्ती जीवनातील अडचणी मात्र विश्वासाची परीक्षा म्हणून येतात. एकाच प्रकारच्या दुःखाला दोन मापे लावली गेली आहेत. साक्ष देणे हे त्या लेखनाचे प्रयोजन असल्याने असे घडले असावे. परंतु तटस्थ वाचकाला ही उणीव जाणवल्याशिवाय राहत नाही. दुष्काळात पत्नीचा मृत्यू पाहिलेल्या तुकोबांनी त्याच विठ्ठलाला माय म्हटले, हे स्मरले म्हणजे आपत्ती हा कोणत्याही श्रद्धेच्या खरेपणाचा वा खोटेपणाचा पुरावा ठरू शकत नाही, हे ध्यानात येते.

बायबलमधील पितृकल्पना या बाबतीत साक्षीच्या साहित्यापेक्षा अधिक निर्भय आहे. मार्काच्या शुभवर्तमानात 'अब्बा' ही हाक गेथशेमाने बागेत, मरणाच्या आदल्या रात्री येते. दुःखाचा प्याला टळावा अशी विनंती तेथे आहे, आणि तो टळत नाही. म्हणजे पिता म्हणून घातलेली सर्वांत उत्कट हाक रक्षण नाकारले जाण्याच्या क्षणीची आहे. पित्यावरील विश्वास हा संकटमुक्तीचा करार नसून संकटातही नाते न तुटण्याची खात्री आहे, असा अर्थ येथून निघतो. ईश्वराच्या पितृत्वाविषयी लिहिताना हा अर्थ बाजूला सारला, तर श्रद्धेचे रूपांतर केवळ हिशेबात होते.

'मायबाप' वृत्ती आणि मुक्ती

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२७ साली ईश्वरकल्पनेचे मूळ मानवाच्या असहायतेत आणि बालपणीच्या पितृआश्रयाच्या ओढीत शोधले. मेरी डॅली यांनी १९७३ मध्ये ईश्वराला पिता मानल्याने पुरुषसत्तेला दैवी मान्यता मिळते, अशी टीका केली. दोन्ही आक्षेप गंभीर आहेत. मराठी समाजाने 'मायबाप सरकार' या शब्दप्रयोगातून आश्रयाची भाषा लाचारीची भाषा कशी होते, याचा अनुभव घेतलेला आहे. पितारूप ईश्वरावरचा विश्वास माणसाला कायमचे मूल ठेवतो काय, हा प्रश्न म्हणूनच टाळता येण्याजोगा नाही.

रमाबाई आणि टिळक यांच्या जीवनक्रमातून मिळणारे उत्तर अनपेक्षित आहे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर रमाबाईंनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी केलेल्या पत्रव्यवहारात चर्चच्या अधिकाराला सदसद्विवेकाच्या बळावर ठाम विरोध केला. ईश्वराने दिलेली विवेकबुद्धी दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करण्यास त्या तयार नव्हत्या. टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी आणि तिच्याबरोबरची आर्थिक निश्चिंती सोडून सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. परदेशी मिशनऱ्यांचे पालकत्व भारतीय ख्रिस्ती समाजाच्या स्वाभिमानाला मारक आहे, अशी त्यांची धारणा होती. अर्थात स्वर्गीय पित्यावरील विश्वासाने या दोघांना पृथ्वीवरील मायबापांच्या ताबेदारीतून सोडविले. खरा पिता एकच असेल, तर उसन्या पित्यांपुढे वाकण्याचे कारण उरत नाही. डॅली यांच्या आक्षेपाला हे संपूर्ण उत्तर नव्हे. परंतु पितृप्रतिमा केवळ सत्तेचीच बाजू घेते, या गृहीताला मात्र त्यामुळे तडा जातो.

फ्रॉइड यांचे विवेचन विश्वासाची ओढ समजावून देते; विश्वासातून घडलेली कृती त्यातून पुरेशी उलगडत नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराश्रित मुली व स्त्रिया आणून केडगाव येथे त्यांना आसरा दिला. जॉर्ज म्यूलर यांच्याप्रमाणे प्रार्थनेवर विसंबून संस्था चालविण्याचा आदर्श त्यांच्यापुढे होता. मात्र हे विसंबणे निष्क्रिय नव्हते. तेथे छापखाना, शेती, विणकाम यांसारखी कामे मुलींना शिकविली जात. दुष्काळाने जिचा पिता हिरावून घेतला, तिने दुष्काळातील मुलींना घर दिले. आश्रय मागणारी व्यक्ती आश्रय देणारी झाली, येथे बालभावाची सीमा ओलांडली जाते.

समारोप

टिळकांनी पितृत्वाला मातृत्वाचा ओलावा दिला. रमाबाईंनी लौकिक पित्याची अपुरी राहिलेली जबाबदारी स्वर्गीय पित्याकडे सोपविली आणि मग ती स्वतःही उचलली. दोघांच्या वाटा भिन्न असल्या तरी त्यांतून एक समान निष्कर्ष हाती येतो. ईश्वराला पिता म्हणणे ही लौकिक पित्याची वाढविलेली प्रतिकृती नव्हे. अनेकदा ते लौकिक पितृत्वाचे परीक्षणच असते. त्या विश्वासाचे मोल भक्ताला किती संकटांतून वाचविले यावरून ठरत नाही. त्याने भक्ताला कोणत्या भयातून मोकळे केले आणि कोणाच्या रक्षणासाठी उभे केले, यावरून ते ठरते. मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार धर्मांतराच्या वादापुरता किंवा रूपकांच्या देशीकरणापुरता मर्यादित ठेवल्यास ही कसोटी नजरेआड होते. भक्तिसाहित्याच्या अध्यापनात वारकरी संतांच्या 'माउली'शेजारी रमाबाई आणि टिळक यांचा 'पिता' ठेवून वाचला जावा, याचे कारण हेच आहे.