कोंड्याचा मांडा : मराठी वाङ्मयातील काटकसरीची चूल

मांडा करताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ‘कोंड्याचा मांडा करणे’ या वाक्प्रचारातील गोम सहज उमगेल. आमच्या बेळगावात मांडे अद्याप होतात. त्यासाठी गव्हाचा अगदी बारीक, चाळून घेतलेला अंश लागतो. कणीक इतकी मळावी लागते की तिला ताण देऊनही ती तुटू नये. मग ती हातांवर फिरवत पातळ करावयाची आणि उपड्या, तापलेल्या भांड्यावर अलगद टाकावयाची. या साऱ्या कृतीत कोंडा जो काही असतो तो पहिल्याच चाळणीत बाजूला पडतो. म्हणजे कोंड्याचा मांडा ही वस्तू संभवतच नाही. असे असूनही आपल्या भाषेने ही असंभाव्य गोष्ट सुगृहिणीच्या गुणांत बिनदिक्कत जमा करून टाकली आहे. ‘तिने कोंड्याचा मांडा करून संसार केला’ असे आपण म्हणतो, मान डोलावतो आणि पुढे जातो. मांडा झाला कसा, हे कोणी विचारीत नाही.

प्रस्तुत लेखात हाच प्रश्न मराठीतील काही परिचित पुस्तकांना विचारावयाचा आहे. काटकसरीचा स्वयंपाक हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या मध्यमवर्गीय जीवनाचे चित्रण मराठी गद्याने गेली शंभर-सव्वाशे वर्षे केले, त्या जीवनाचा महिनाअखेर हा एक स्थायी ऋतू आहे. त्या ऋतूचे वर्णन लेखक कसे करतो, यावरून त्याची माणसाकडे पाहण्याची दृष्टी कळते. मला असे दिसते की या वर्णनांचे खरे स्वरूप सांगणाऱ्याच्या जागेवरून ठरते. पंक्तीत बसून जेवलेला माणूस एक गोष्ट सांगतो, वाढणारी बाई दुसरी सांगते आणि जिच्यापर्यंत भांडे पोचलेच नाही ती तिसरीच सांगते. आपण मात्र या तिन्ही गोष्टींना ‘काटकसर’ हे एकच नाव देतो.

प्रथम काटकसरीच्या पदरी तिचे श्रेय घातले पाहिजे. ती एक विद्या आहे आणि तिला कमी लेखणे हा अडाणीपणा ठरेल. पुरणासाठी शिजविलेल्या डाळीचे पाणी निथळून काढावयाचे आणि त्याची कटाची आमटी करावयाची, ही कल्पना ज्या कोणा अनामिकेला प्रथम सुचली तिने एका डाळीत दोन पदार्थ बसविले. दोडक्याच्या भाजीसाठी शिरा काढाव्या लागतात, तर त्या तेलावर परतून त्यांची चटणी होते. ताक आंबले की कढी होते, पोळ्या शिळ्या झाल्या की फोडणीची पोळी होते किंवा गूळ-तूप घालून लाडू वळले जातात. कोकणात फणसाच्या आठळ्या पावसाळ्यासाठी राखून ठेवतात, आणि भाजीबाजार बंद पडला की त्या भाजीला येतात. उन्हाळ्यात घातलेले सांडगे, पापड, कुरडया ही तर चार महिन्यांची बेगमीच होय. येथे गरिबी आहे असे नव्हे. येथे नासाडीविषयीची लाज आहे, हंगामाचे ज्ञान आहे आणि हाताला असलेला अंदाज आहे.

हे ज्ञान पाककलेच्या ग्रंथांत कितपत उतरले? मराठीत या ग्रंथांची परंपरा चांगली जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र’ने एक हजार पाकक्रिया एकत्र आणल्या. 1970 साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि त्यातील वाटी-चमच्याच्या मापाने नवशिक्या सुनांचे केवढे तरी भय नाहीसे केले. ही पुस्तके उपकारक आहेत, यात संशय नाही. तथापि पाककृती या लेखनप्रकाराची एक अंगभूत मर्यादा आहे. ‘साहित्य’ या मथळ्याखाली जी यादी येते, ती हाताशी आहे असे धरूनच ‘कृती’ सुरू होते. महिनाअखेरच्या स्वयंपाकाचा क्रम याच्या नेमका उलट असतो. डबे उघडून पाहिल्यावर जे निघते, त्यावरून पदार्थ ठरतो. दोन वाट्या डाळ असेल तर आमटी कशी करावी हे पुस्तक सांगते. परंतु मूठभर डाळ आहे आणि जेवणारी माणसे सात आहेत, तर पाणी किती घालावे म्हणजे आमटी ‘आमटी’ राहील, हे माप कोणत्याही वाटीत मावत नाही. त्यासाठी कथेकडे आणि आत्मकथनाकडे वळावे लागते.

तेथे पहिला मान अर्थातच ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि 1935 साली ते प्रसिद्ध झाले. त्यातील ‘अळणी भाजी’ हे प्रकरण आपण शिक्षकांनी किती वर्गांत वाचून दाखविले असेल याची गणती नाही. भाजीत मीठ घालावयाचे राहून गेले आहे. वडील ती मुकाट्याने खातात, मुले त्यांच्याकडे पाहून गप्प राहतात, आणि आईला ही गोष्ट कळते ती स्वतः जेवावयास बसल्यावर. मग तिला वाईट वाटते. राबणाऱ्याच्या कष्टांची बूज राखून जिभेला आवर घालावा, हा त्याचा बोध आपण फळ्यावर लिहितो.

हा बोध खोटा नाही. परंतु कथेची जुळणी एकदा बारकाईने पाहावी. ही कथा घडते ती केवळ आई शेवटी जेवते म्हणून. ती सर्वांबरोबर पानावर बसली असती, तर पहिल्याच घासाला मीठ मागून घेतले गेले असते आणि कथा तेथेच संपली असती. म्हणजे ज्या गोष्टीवर सारे कथानक उभे आहे, ती गोष्ट कथेत कोणालाच उल्लेखनीय वाटत नाही. वडिलांच्या संयमाला कौतुक मिळते, आईच्या हळहळीला कौतुक मिळते. तिच्या शेवटच्या पानाला मात्र काहीच मिळत नाही. ते पान गृहीत धरलेले आहे. याच पुस्तकात पुढे घर कर्जाने खचते, आणि एका प्रकरणाचे शीर्षकच ‘तेल आहे, तर मीठ नाही!’ असे येते. पहिल्या प्रसंगात मीठ विसरले होते. आता ते घरातच नाही. एवढे अंतर पडूनही निवेदकाचा स्वर तोच, भक्तीचा राहतो. कारण उघड आहे. श्याम हा जेवलेला मुलगा आहे. आईने वाढलेल्या अन्नाची कृतज्ञता तो आयुष्यभर विसरत नाही आणि त्याचे मोठेपण त्यात आहे. परंतु कृतज्ञता आणि हिशेब या भिन्न वस्तू आहेत. भांड्यात किती उरले होते, हे त्याला त्या वयात दिसणे शक्य नव्हते. आणि पुढे दिसू लागले तेव्हा त्याचे रूपांतर पूजेत झाले.

यावर कोणी म्हणेल की मातृप्रेमाच्या कथेला ताळेबंदाची कसोटी लावणे अरसिकपणाचे आहे. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. साने गुरुजींच्या लेखनातील कारुण्य अस्सल आहे आणि त्यावर पिढ्या पोसल्या आहेत. माझा मुद्दा पुस्तकाच्या योग्यतेविषयी नसून आपल्या वाचनाच्या सवयीविषयी आहे. त्यागाला आपण इतक्या तत्परतेने नमस्कार करतो की तो करावा का लागला, हे विचारावयास उसंत राहत नाही.

वाढणाऱ्या बाईचे कथन कसे असते, हे पाहावयाचे तर लक्ष्मीबाई टिळकांची, 1934 पासून भागशः प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ उघडावीत. येथे संसाराची ओढाताण काही कमी नाही. रेव्हरंड टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. दारी आलेल्याला देऊन टाकणे हा त्यांचा स्वभाव होता आणि त्या दातृत्वाची उरलेली बाजू सांभाळणे हा लक्ष्मीबाईंचा दिनक्रम होता. परंतु पुस्तकाच्या पानांवर कोठेही देव्हारा नाही. नवऱ्याच्या औदार्याचा त्यांना अभिमान आहे, त्याच्या अव्यवहारीपणाचा संताप आहे, आणि या दोहोंच्या मधून हसू फुटते. माहेरच्या वडिलांच्या कडकडीत सोवळ्यापायी वाणसामानालाही पाणी लागत असे. ती हकिगत वाचताना आपण हसतो, आणि त्या घरच्या बायकांच्या वाट्याला काय आले असेल ते क्षणभराने ध्यानात येते. टंचाईचे मोजमाप येथे करणाऱ्या हातानेच केले आहे. म्हणून त्याला पावित्र्याचे वेष्टन लागत नाही. मराठी गद्यातील काटकसरीचे अत्यंत निरोगी चित्र मला येथे आढळते.

तिसरी जागा उपाशी राहिलेल्या माणसाची. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ 1986 साली पुस्तकरूपाने आले. वीरगाव आणि फलटण परिसरातील महार समाजाचे जे जीवन त्यात आहे, त्यात कोवळ्या वयाच्या सुनांचे राबणे आणि त्यांची उपासमार यांचे वर्णन वाचताना ‘कोंड्याचा मांडा’ हा वाक्प्रचार जिभेवर येण्याची लाज वाटते. शेवटच्या पानाचे काय होते, याचे उत्तर येथे आहे : काही वेळा ते पानच नसते. शाहू पाटोळे यांनी 2015 साली ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांचे खाद्यजीवन नोंदविले. शीर्षकातील एका ‘अ’ने केवढी परंपरा तपासावयास लावली आहे, हे पाहण्यासारखे आहे. या पाककृतींत दूध-तुपाला स्थान जवळजवळ नाही. मिळालेले मांस वाळवून ठेवावयाचे, कोणताही भाग वाया जाऊ द्यावयाचा नाही, असा सारा व्यवहार. कौशल्य येथेही आहे, कदाचित अधिकच आहे. फरक इतकाच की दोडक्याच्या शिरांची चटणी करणाऱ्या घरात दोडका असतो. येथे शिराच मिळत, दोडका दुसऱ्याच्या घरी जाई.

म्हणून मला तीन शब्द वेगळे ठेवावेसे वाटतात : काटकसर, ओढाताण आणि उपासमार. काटकसरीत निवड असते. जे वाचते ते उद्यासाठी असते. ओढाताणीत निवड संपते, आणि उणे भरून काढण्यासाठी घरातील कोणाचा तरी घास लहान होतो. उपासमारीत घासाचाच प्रश्न राहत नाही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळाली, शिधावाटपात तांबडा मिलो मिळाला, आणि त्याच्या भाकरी लोकांनी थापल्या. त्या दिवसांच्या आठवणींना ‘आमच्या आजीची काटकसर’ असे मथळे देणे म्हणजे आजीचा गौरव नव्हे; तो शब्दांचा गैरवापर होय. वाङ्मयसमीक्षेचे पुष्कळसे काम शब्द जागच्या जागी ठेवण्याचे असते, आणि येथे तर शब्द हलला की माणूसच झाकला जातो.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मराठी वस्त्यांना या प्रकरणी एक निराळे कर्तव्य आहे. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील घरांत कचेरीची आणि बाजाराची भाषा केव्हाच दुसरी झाली. चुलीपाशी मात्र मराठी टिकली. कळण, कण्या, सांडगा, कट, आठळी हे शब्द आजच्या मुलांना पाठ्यपुस्तकात भेटत नाहीत, आजीच्या तोंडी भेटतात. आपल्या संस्था सणावारांच्या पक्वान्नांची संकलने हौसेने काढतात. त्यांनी एकदा महिनाअखेरच्या स्वयंपाकाचे संकलन करावे. ते करताना प्रत्येक वृद्धेला पदार्थाच्या कृतीबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत : हा पदार्थ कोणत्या दिवशी होत असे, आणि त्या दिवशी तुम्ही काय जेवलात? पहिल्याच्या उत्तराने शब्दसंग्रह वाढेल. दुसऱ्याच्या उत्तराने सामाजिक इतिहासाचे एक कोरे पान भरेल.

वर्गातही हेच करता येईल. ‘अळणी भाजी’ शिकवावी, अवश्य शिकवावी. संयमाचा बोध सांगून झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे की आईला हे इतक्या उशिरा का कळले. उत्तर देण्यास मुलांना फार वेळ लागणार नाही. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी ते पान अजूनही सर्वांत शेवटीच मांडले जाते.