न पडणाऱ्याला फाऊल नाही

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला जाणारा रस्ता पुढे मुरबाडच्या वाटेला लागतो. भातकापणी आटोपली, की या रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाचरं मोकळी होतात आणि संध्याकाळी त्यांत मुलं उतरतात. बहुतेक ठिकाणी क्रिकेट, कुठं कबड्डी, क्वचित फुटबॉल. दोन वर्षांपूर्वी अशाच एका खाचरात माझ्या हाती शिट्टी आली. मी खेळाडू नाही आणि पंच तर मुळीच नाही. वयानं मोठा आणि हाताला घड्याळ, एवढीच माझी पात्रता.

एक किरकोळ अंगाचा मुलगा बांधाच्या कडेनं चेंडू घेऊन निघाला होता. त्याच्या दुप्पट अंगाच्या मुलानं आधी त्याचा सदरा ओढला, मग मागून कमरेचा धक्का दिला. किरकोळ मुलगा वाकला, त्याचा हात जमिनीला टेकला, तीन भराभर पावलं पडली आणि तो पुन्हा उभा राहिला. तोवर चेंडू दुसऱ्यांच्या पायात गेला होता. बांधावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, ‘पडला नाही पोरगा!’ म्हणाली. मी शिट्टी वाजवली नाही. पाचेक मिनिटांनी दुसरा एक मुलगा याहून हलक्या धक्क्यानं पडला आणि माझी शिट्टी आपोआप वाजली. खेळ संपल्यावर तो पहिला मुलगा माझ्याजवळ आला आणि त्यानं विचारलं, ‘काका, मी पडायला पाहिजे होतं का?’

हा लेख त्या प्रश्नातून सुरू झाला. उत्तर शोधताना मी खेळाविषयी जे वाचलं आणि पाहिलं, त्यात न पडण्याचं कौतुक जागोजाग सापडलं. मात्र न पडणाऱ्याचं पुढे काय होतं, याची विचारपूस फार थोड्या ठिकाणी दिसली.

आधी शरीराचा हिशेब मांडू. माणूस उभा राहतो तो त्याचं वजन दोन पावलांमधल्या जागेवर येतं म्हणून. धक्का बसला, की वजन त्या जागेबाहेर जातं. अशा वेळी दोनच वाटा उरतात : वजन मागे खेचून घेणं, नाहीतर पाऊल पुढे टाकून त्या वजनाखाली नवी जागा तयार करणं. धावत्या खेळाडूला पहिली वाट सहसा मिळत नाही. म्हणून चांगला फुटबॉलपटू गुडघे वाकवतो, कंबर खाली आणतो, हात अंगापासून दूर ठेवतो आणि पावलं आखूड टाकतो. आखूड पावलांमुळे पाय जमिनीला अधिक वेळा लागतो आणि चूक सुधारण्याची संधीही तितक्याच वेळा मिळते. लांब ढांग टाकणारा गडी एका पायावर असताना धक्का खातो, तेव्हा दुसरा पाय येईपर्यंत उशीर झालेला असतो. मॅराडोनाची उंची १.६५ मीटर होती. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीत इंग्लंडविरुद्ध त्यानं केलेला दुसरा गोल पाहताना चेंडूऐवजी त्याच्या कमरेकडे पाहावं. ती फारशी वर-खाली होत नाही. तिच्याखाली पाय मात्र सतत जागा बदलत राहतात.

म्हणजे तोल हा स्थिरपणा नव्हे. तो पडण्याची सुरुवात झाल्यानंतर केलेला उपाय आहे. आमच्याकडे आवणीच्या दिवसांत चिखलात उलट्या पावलांनी सरकत भात लावणाऱ्या बायांना हे कुणी शिकवावं लागत नाही. मराठी बोलण्यात मात्र ताठपणाचा मान मोठा. ‘मोडेन पण वाकणार नाही’ ही म्हण बाण्याला शोभते, मैदानावर ती माणसाला तोंडघशी पाडते. तुकोबांच्या अभंगातलं लव्हाळं आम्हाला पाठ असतं, पण वाकणं ही एक कृती आहे, कौशल्य आहे, असं त्यातून आम्ही क्वचितच वाचतो.

पडण्याचा अर्थ प्रत्येक खेळात वेगळा असतो, हे लक्षात यायला मला कुस्तीकडे जावं लागलं. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांच्या संपादनाखाली निघालेल्या व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात प्रसिद्ध झाले. कोशात कुस्तीचा पसारा मोठा आहे. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, टांग, पट काढणं… समोरच्याला पाडण्यासाठी कुस्तीनं मराठीला केवढी शब्दसंपत्ती दिली! उभं राहण्यासाठी पवित्रा आहे, खडाखडी आहे, पाय रोवणं आहे. पण ते सारे डावाच्या आधीचे शब्द. मातीतल्या कुस्तीत पाठीला माती लागली, की निकाल लागला. तिथं पडणं म्हणजे हरणं, मग पुराव्याचा प्रश्नच उरत नाही.

कबड्डीत उलट आहे. चढाई करणारा गडी पकडीत आडवा झाला तरी दम टिकवून मध्यरेषेला बोट लावू शकला, तर तो जिवंत, आणि ज्यांना त्यानं स्पर्श केला ते बाद. तिथं पडूनही जिंकता येतं.

फुटबॉलमध्ये पडणं ही साक्ष होऊन बसली आहे. मी मुद्दाम ‘होऊन बसली आहे’ म्हणतो, कारण नियमात तसं नाही. खेळाचा बारावा नियम अडखळवण्याबरोबर अडखळवण्याचा प्रयत्नही गुन्हा धरतो. लाथ मारण्याबरोबर लाथ मारण्याचा प्रयत्नही. खांद्याला खांदा भिडवणं चालतं, पण ते बेफिकिरीनं किंवा अवाजवी जोरानं केलं, तर चालत नाही. समोरचा पडलाच पाहिजे, अशी अट यात कुठंही नाही. पडल्याचं सोंग करणाऱ्याला तर पिवळं कार्ड आहे. पडण्याची अट पंचाच्या डोळ्यानं घातली, आणि त्या खाचरात ती माझ्या डोळ्यानं घातली.

अर्जेंटिनाचा लेखक एर्नान कासियारी याचा २०१२ मधला मेस्सीवरचा निबंध या विषयावर गाजलेला आहे. बचावपटू मेस्सीला ओढतात, लाथा घालतात आणि तरी तो पडत नाही, अशा क्षणांची एक चित्रफीत पाहून तो लिहिला गेला. लहानपणी घरी असलेल्या कुत्र्याची नजर जशी स्पंजच्या तुकड्यावर खिळायची, तशी मेस्सीची चेंडूवर खिळते, म्हणून त्याला फाऊलची, फायद्याची फिकीर नाही, असं कासियारीचं म्हणणं. निबंध लोभस आहे आणि त्याचं निरीक्षण खरं आहे. पण त्याच्या कौतुकात मला एक खोट दिसते. मेस्सी उभा राहून पुढे गोल करू शकतो, म्हणून त्याचं भोळेपण त्याला परवडतं. माझ्या खाचरातला मुलगाही पडला नाही, त्याचीही नजर चेंडूवरच होती. फक्त त्याचा चेंडू गेला. ज्याचं नुकसान झालं त्याच्याही न पडण्याला आपण निरागसता म्हणू लागलो, तर धक्का देणारा त्या वर्णनातून अलगद निसटतो.

इथे नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) मला अधिक जागा वाटतो. नागपुरात विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन उभ्या केलेल्या कामावर तो आधारलेला आहे. चित्रपट म्हणून तो पसरट आहे, आणि मैदानावरच्या चुरशीचं बारीक चित्रण शोधणाऱ्याची त्यात निराशा होईल. पण त्याचा उत्तरार्ध पासपोर्टसाठी, ओळखीच्या कागदांसाठी होणाऱ्या वणवणीला वेळ देतो. मैदानावर पाय रोवून उभ्या राहणाऱ्या मुलांना मैदानाबाहेर कोण आणि कसं ढकलतं, हे तो दाखवतो. मुलांच्या चिवटपणाचं कौतुक करून तो थांबत नाही, धक्क्याकडेही बोट दाखवतो.

आपल्या लेखनात असं फार वेळा होत नाही. माझ्याच तालुक्याचं उदाहरण घ्या. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी घेऊन टेकाड चढणाऱ्या बाईच्या तोलाचं वर्णन मीही कधीकाळी एका लेखात केलं होतं. आज ते वाचवत नाही. तिची मान किती सरळ आहे हे मी टिपलं, पाणी किती लांब आहे हे टिपलं नाही. बांधावरच्या माणसांसारखीच मी टाळी वाजवली होती.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. कापलेल्या भाताची धसकटं सुकली, की ती सुयांसारखी टोचतात. त्यावर मुद्दाम कोणी पडत नाही. हिरवळीच्या मैदानावर पडणं स्वस्त आहे, खाचरात ते अंगाला रक्त काढतं. त्यामुळे त्या मुलाचं न पडणं हा धक्का हलका असल्याचा पुरावा ठरतच नव्हता.

आता त्याच्या प्रश्नाचं उत्तर. ‘नाही रे, तू पडायला नको होतास, मी थांबून पाहायला हवं होतं.’ नियमात याची सोय आहे. फाऊल झाल्यावर खेळाडू उभा असेल, तर पंच खेळ चालू ठेवून त्याला फायदा घेऊ देतो. पण तो फायदा काही सेकंदांत मिळाला नाही, तर मागे येऊन मूळ फाऊल देऊ शकतो. मी मागे आलोच नाही.

यंदाही कापणीनंतर मुलं खाचरात उतरतील. तो मुलगा आता उंच झाला आहे, तोल पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही, असं तोच सांगत होता. पुन्हा शिट्टी हाती आली, तर धक्का बसल्यावर मनात तीन आकडे मोजायचे आणि चेंडू कुणाच्या पायात आहे ते पाहायचं, असं मी ठरवलं आहे. मुलगा उभा असला तरी.