विद्यार्थ्यांचे शोधनिबंध व त्यांचीं साधनें

सामाजिक शास्त्रांच्या विद्यापीठीय शाळांतून वर्षांतून एकदोनदां संशोधनपर व्याख्यानें होतात व त्यांस जोडून विद्यार्थी आपापले निबंध वाचतात. अशा एका शाळेंतील दोन दिवसांचें वाचन आम्हीं नुकतेंच ऐकलें. जुनीं दप्तरें चाळणारानें ऊसतोडणीच्या टोळ्यांवरील निबंध कशास ऐकावा, असें आमच्या वाचकांपैकीं कोणी विचारील. परंतु हातीं आलेलें साधन कसें वागवावें हा प्रश्न त्यांचा व आपला एकच आहे, आणि तेवढ्यापुरतेंच येथें लिहावयाचें आहे. शाळेचें अगर विद्यार्थ्यांचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं; जें तेथें दिसलें तें इतरत्रहि दिसतें. पाहुण्या अध्यापकांचीं व्याख्यानें नेहमींच्या धर्तीचीं झालीं. त्यांविषयीं विशेष सांगण्यासारखें कांहीं नाहीं.

पहिला उल्लेखनीय निबंध अठराव्या शतकांतील एका वतनाच्या तंट्यावर होता. गोतसभेंत बलुतेदार बसत, पण त्यांच्या बोलण्यास वजन किती होतें, हा विद्यार्थ्याचा प्रश्न. प्रश्न चांगला आहे. आपल्याकडील मागच्या पिढीनें महजर वाचले ते बहुधा देशमुख-पाटलांच्या वंशावळी जुळविण्यासाठीं. सभेच्या कडेस बसलेल्या सुताराकडे वा चांभाराकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. मात्र उत्तर देतांना विद्यार्थी घसरला. बलुतेदारांची नुसती हजेरी असे, कागदावर त्यांचें कांहींच उमटत नाहीं, असें त्यानें ठासून सांगितलें. आणि त्यास आधार एका छापील उताऱ्याचा. मूळ कागद कोठें आहे, त्याच्या पायथ्याशीं काय आहे, असें विचारतां त्यास सांगतां येईना.

महजराची घडण आमच्या वाचकांस ठाऊक आहे. आरंभीं हाजिर मजालस, मग वादी-प्रतिवाद्यांचे करीने, साक्षी, निवाडा, आणि शेवटीं निशाण्या. पाटलाचा नांगर, आणि बलुतेदारांपैकीं ज्याच्या त्याच्या धंद्यांतील हत्याराची आकृति. छापतांना संपादक 'निशाणी नांगर' एवढे दोन शब्द ठेवतो, किंवा नुसतें 'निशाण्या आहेत' म्हणून पुढें जातो. निशाण्यांचा क्रम, त्यांचा लहानमोठेपणा, सर्व एकाच हातच्या आहेत कीं निरनिराळ्या, पुढच्या बाजूस आहेत कीं पाठीवर, हें सारें छाप्यांत नाहींसें होतें. बलुतेदाराचें कागदावर कांहीं उमटतें कीं नाहीं याचा निर्णय तेथेंच व्हावयाचा. विद्यार्थ्याचा निष्कर्ष खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तो खराहि ठरेल. परंतु ज्या जागीं तो तपासावयाचा, ती जागाच त्यानें पाहिली नव्हती.

याच्या मुळाशीं मोडीचें अज्ञान आहे. सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत छापले. ते उपकार थोडे नाहींत. पण ती निवड आहे. निवडणाराची दृष्टि मुख्यतः राजकारणाकडे होती, आणि पुण्याच्या दप्तरखान्यांत हजारों रुमाल उरलेच. समाजशास्त्राचा विद्यार्थी केवळ छापील भागांवर विसंबला, तर संपादकानें जें घेतलें नाहीं तें भूतकाळांत नव्हतेंच असें तो मानून चालतो. कांहीं महिने नेटानें बसल्यास मोडी वाचतां येते. शाळा परदेशी पंडितांच्या परिभाषेसाठीं सबंध सत्र देतात; मोडीसाठीं एक देण्यास हरकत कोणती?

दुसरा निबंध एका विद्यार्थिनीनें ऊसतोडणीच्या टोळ्यांवर वाचला, आणि दोन दिवसांत आम्हांस तोच सर्वांत अधिक आवडला. ती टोळ्यांच्या तळावर राहून आली होती. नवराबायकोच्या जोडीस 'कोयता' म्हणतात, मुकादम हंगामापूर्वीं कोयत्यास उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत कोयता त्याच्याशीं बांधलेला राहतो, हें तिनें स्पष्ट सांगितलें. मग पडद्यावर मुकादमाच्या वहीच्या एका पानाचें छायाचित्र आलें : नांवें झांकलेलीं, रकमा, तारखा, आंगठे. वीसएक सेकंदांत तें गेलें व आलेख आला. आमच्या संग्राहक मित्रांचा जीव येथें कळवळला असता. वही कोणत्या हंगामाची, अक्षर मुकादमाचें कीं त्याच्या शाळकरी मुलाचें, आंगठे उचल देतांना घेतले कीं हिशेब होतांना, यांतील एकहि गोष्ट सांगितली गेली नाहीं, आणि सभेंत कोणीं विचारलीहि नाहीं. अध्यापकांचे प्रश्न सारे सिद्धांताविषयीं होते. विद्यार्थ्यास पंधरा मिनिटें मिळतात. त्यांतील दहा पूर्वसूरींच्या मतांत गेल्यावर पुराव्यास उरतें काय?

चहाच्या वेळीं आम्हीं तिच्या टिपणांची चौकशी केली. मुलाखतींचें ध्वनिमुद्रण मोबाइलमध्यें होतें, टिपणें एका वहींत, दुसरी प्रत नाहीं. साक्षीदारांचीं नांवें तिनें लपविलीं तें योग्यच केलें. उद्यां त्याच मुकादमाकडे उचल मागावयास जाणारास उघडें पाडणें हा अन्याय होय. गोतसभेंत माणूस आपल्या नांवानें बोलत असे व त्याची जबाबदारी घेत असे. येथें बोलणाराचें पोटच त्या बोलण्यावर अवलंबून आहे. तरीहि वाचकापासून नांव राखणें निराळें आणि नांवाचा पुरावाच न राखणें निराळें. मोहोरबंद यादी शाळेच्या दप्तरीं ठेवतां येते.

घुर्ये यांचे शिष्य एम. एन. श्रीनिवास यांनीं १९४८ त म्हैसूरजवळील एका खेड्यांत राहून टिपणें केलीं व खेड्यास 'रामपुरा' हें टोपणनांव दिलें. पुढें २४ एप्रिल १९७० रोजीं स्टॅनफर्ड येथील अभ्यासकेंद्रास कोणीं आग लावली व तींत त्यांच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. त्यानंतर स्मरणावर भर देऊन लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९७६ त निघाला. ही गोष्ट विद्वानाच्या स्मरणशक्तीची म्हणून सांगतात. आम्हांस ती प्रतींची गोष्ट वाटते : तीन प्रती एकाच छपराखालीं होत्या म्हणून तिन्ही गेल्या, आणि मूळ टिपणें हिंदुस्थानांत राहिलीं म्हणून तीं वांचलीं.

राजवाड्यांनीं १८९८ त साधनांचा पहिला खंड काढला, तेव्हां त्यांची विस्तृत प्रस्तावना पत्रांच्या शेजारीं छापलेली होती. अनुमान पटलें नाहीं तर वाचकास पान उलटून पत्र पाहतां येई. शाळांतील निबंधांस आम्ही एवढेंच मागतों. निबंधाबरोबर एक साधनपत्र जोडावें : कागद अगर मुलाखत कोठली, केव्हांची, मूळ कोणाजवळ, प्रत कोठें.

दोष एकाच बाजूचा नाहीं. वतनाच्या तंट्यावरील विद्यार्थी मूळ महजरासाठीं एका घराण्याकडे दोनदां गेला होता. त्यास बाहेरच्या ओसरीवरून परत पाठविण्यांत आलें. ज्यांच्या घरीं रुमाल आहेत त्यांनीं असा मुलगा आल्यास त्यास बसवून घ्यावें, आणि कागदाची पाठहि दाखवावी.

विद्यार्थिनीचें काम अधिक निकडीचें आहे. महजर दोनशें वर्षें टिकला तो वतनाचा हक्क त्यावर होता म्हणून. उचल फिटल्यावर मुकादमाच्या वहीस कोणीं जपून ठेवावें असें कांहींच कारण उरत नाहीं. हंगाम संपला आहे, टोळी बीड जिल्ह्यांत परतली आहे. तिनें पावसाळ्यापूर्वीं तेथें जावें, मुकादमाची संमति घ्यावी आणि वही पहिल्या पानापासून, कोऱ्या पानांसह, उतरून घ्यावी.